भर पडते, खोली येते का?

राजाची आणि बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली असते. राजा खूश होऊन म्हणाला, 'माग काय हवं ते.' शहाण्यानं मागितलं काय, तर पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्ट घरं भरतील एवढं धान्य. राजा हसला. मग कोठारं रिकामी झाली तरी पट भरेना. त्या दाण्यांची बेरीज वीस आकडी होते. तीत आणखी एक मिळवा: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. ही संख्या उच्चारण्याच्या भानगडीत मी पडत नाही. बँकेत उभी हयात काढली, पण एवढा आकडा कुठल्या ताळेबंदात पाहिला नाही. सांगायचं ते इतकंच, की बरोबर एवढे ग्रह एका व्हिडिओ गेममध्ये आहेत.

खेळाचं नाव 'नो मॅन्स स्काय'. तो माझ्या संगणकावर आला त्याला कारण माझा नातू. मुलीचा मुलगा, पुण्याला असतो, बारावीचं वर्ष. मुलीचा फोन आला, "बाबा, तुम्हीच समजवा त्याला. इंजिनिअरिंग नको म्हणतो, गेम बनवायला शिकायचंय म्हणतो. तुमचं ऐकेल." आता माझं कोण ऐकतं हा वेगळा लेख होईल. पण नातू दिवाळीला बीडला आला, तेव्हा मी विषय काढला. त्याला म्हटलं, "अरे, कादंबरी वाचली की ती संपते. नाटक संपतं. तुझे हे खेळ संपतच नाहीत, हीच माझी तक्रार आहे." तो शांतपणे म्हणाला, "आजोबा, तुम्ही कादंबरी संपवता आणि मोकळे होता. हे लोक दहा-दहा वर्षं तीच गोष्ट सुधारत बसतात. दरवर्षी त्यात नवीन काहीतरी घालतात, तेही फुकट. मग जास्त खोल कोणतं?"

प्रश्न खोचक होता, आणि खरं सांगायचं तर मला आवडला. एखाद्या मोकळ्या, न संपणाऱ्या गोष्टीत वर्षानुवर्षं भर घालत गेलं, तर तिला खोली येते का? मी त्याला म्हटलं, "खेळून सांगतो." तेव्हापासून संध्याकाळी फिरून आलो की तासभर मी हे काम करतो. घरात याची चेष्टा होते. असो.

ज्यांना या खेळाची काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. इंग्लंडमधल्या गिल्डफर्ड गावातल्या हॅलो गेम्स या छोट्याशा कंपनीनं २०१३ च्या डिसेंबरात हा खेळ जाहीर केला. एवढे ग्रह कुणी हातानं काढणं शक्यच नाही. ते कुठं साठवलेलेही नाहीत. एक गणिती सूत्र आहे आणि प्रत्येक ग्रहाला एक क्रमांक. तुमचं यान जवळ गेलं की त्या क्रमांकावरून सूत्र डोंगर, समुद्र, गवत, जनावरं उभी करतं. तुम्ही पाठ फिरवली की पुसून टाकतं. पुन्हा आलात तर तेच डोंगर तिथंच. बी आणि झाड यांचं जे नातं, तेच इथं क्रमांक आणि ग्रह यांचं. कल्पना म्हणून मी याला दाद देतो.

२०१६ च्या ऑगस्टात खेळ बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी एक प्रसंग घडला. दोन खेळाडूंनी एकमेकांशी ठरवून एकाच ग्रहावरचं एकच ठिकाण गाठलं. दोघंही तिथं उभे राहिले, पण एकाला दुसरा दिसेना! कंपनीचे प्रमुख शॉन मरे यांनी आधी दिलेल्या मुलाखतींवरून लोकांची समजूत झाली होती की दुसरा माणूस भेटू शकतो, फक्त विश्व एवढं मोठं आहे की गाठ पडणं दुर्मीळ. पुढं लोकांच्या हेही ध्यानात आलं, की दहा ग्रह पाहिले की अकराव्यावर नवं काही नाही. रंग वेगळा, जनावराचे पाय वेगळे, बाकी तेच. मोठा गदारोळ झाला. ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेकडे तक्रारी गेल्या. त्या संस्थेनं चौकशी करून नोव्हेंबरात कंपनीला निर्दोष ठरवलं, पण लोकांनी ठरवलं नव्हतं.

यानंतर कंपनीनं जे केलं ते माझ्यासारख्या कर्जवसुलीत आयुष्य गेलेल्या माणसाला हलवून जाणारं आहे. ती पळून गेली नाही. खुलासे करत बसली नाही. त्याच नोव्हेंबरात पहिला अपडेट आला, त्यात घर बांधता येऊ लागलं. २०१७ च्या मार्चात जमिनीवर चालवायच्या गाड्या आल्या, ऑगस्टात तीसेक तासांची कथा. २०१८ च्या जुलैत ते दोन खेळाडू अखेर एकमेकांना दिसले. पुढं जनावरांवर स्वारी, मग जनावरं पाळणं, मग वस्तीचं कारभारीपण, २०२४ मध्ये मासेमारी, २०२५ मध्ये खोल समुद्र आणि स्वतः जोडून बांधायची मोठी जहाजं. या कशासाठीही पुन्हा पैसे मागितले नाहीत. २०२० मध्ये सतत सुधारत राहणाऱ्या खेळाचं बक्षीस त्याला मिळालं. आणि ज्या स्टीम नावाच्या ऑनलाइन दुकानात लोकांनी २०१६ मध्ये त्याची खरडपट्टी काढली होती, तिथंच २०२४ च्या नोव्हेंबरात त्याची एकूण पसंती 'अतिशय चांगली' या पायरीवर पोचली. विश्वासावर उचललेलं कर्ज या माणसांनी हप्त्याहप्त्यानं आठ वर्षं फेडलं. असे कर्जदार मला दोन-चारच भेटले.

पण कर्ज फिटलं म्हणजे भांडवल उभं राहिलं असं होत नाही. नातवाचा प्रश्न प्रामाणिकपणाचा नव्हता, खोलीचा होता.

'खोली' हा शब्द आमच्या बीडमध्ये जपून वापरावा लागतो. इथं बोअर घेणारा फुटाच्या हिशेबानं पैसे घेतो. पाचशे फूट, सहाशे फूट, खाली धुरळा. उलट शहराजवळच आमची खजाना विहीर आहे, सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली. विहीर म्हणून पाहिली तर ती रुंद आहे, फार खोल नाही. पण तिच्यात भुयारातून पाणी येतं आणि भुयारातूनच पुढं शेतांकडं जातं. तिची खोली फुटात मोजायची नसते. ती कशाकशाला जोडलेली आहे यात ती असते.

बँकेतला एक अनुभव सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचं आहे ते स्पष्ट होईल. त्या काळी प्रत्येक शाखेत नियमांचं एक जाडजूड पुस्तक असे. मुख्य कार्यालयाकडून दुरुस्त्या येत, त्या चिठ्ठीएवढ्या कागदावर छापलेल्या असत आणि आम्ही त्या डिंकानं त्या-त्या पानावर चिकटवायच्या. दहा वर्षांत पुस्तक फुगून दुप्पट झालं. मिटलं तरी मिटायचं नाही, वर पेपरवेट ठेवावा लागे. त्यातली बहुतेक भर अशी, की अमुक फॉर्मऐवजी तमुक फॉर्म, दोन प्रतींऐवजी तीन प्रती. पुस्तक जाड झालं. बँकिंग होतं तिथंच राहिलं.

मग १९९२ च्या एप्रिलात, नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर, रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं. तोवर आम्ही कर्जखात्यावर व्याज आकारलं की ते बँकेचं उत्पन्न धरत होतो. पैसे आलेले असोत वा नसोत. नव्या नियमानं सांगितलं, ठरावीक मुदतीत व्याज हातात पडलं नाही तर ते उत्पन्न धरायचं नाही. ती मुदत आधी चार तिमाह्यांची होती, मग टप्प्याटप्प्यानं कमी होत २००४ च्या मार्चपासून नव्वद दिवसांवर आली. या परिपत्रकानं शाखेत नवी वस्तू एकही आणली नाही. खातेदार तेच, खतावण्या त्याच, खुर्च्याही त्याच. पण दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक जुन्या खात्याकडं बघण्याची आमची नजर बदलली. वर्षानुवर्षं 'चांगला' म्हणून मिरवणारा कर्जदार अचानक आजारी दिसू लागला. कर्ज मंजूर करताना हात थबकू लागला. ती खरी भर.

बुद्धिबळातही असंच घडलेलं आहे. आज पटावर सर्वांत ताकदवान असलेला वजीर मुळात अगदी दुबळा होता, तिरकं एकच घर सरकायचा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला आजची चाल मिळाली. घरं चौसष्टच राहिली, मोहरी बत्तीसच राहिली. पण एका मोहऱ्याची चाल बदलल्याबरोबर राजाची सुरक्षितता, प्याद्याची किंमत, पहिल्या चार चालींचं महत्त्व, सगळं बदललं. पाचशे वर्षं झाली, त्यानंतर फारशी डागडुजी नाही, आणि २०२५ च्या जुलैत नागपूरची दिव्या देशमुख महिलांचा विश्वचषक जिंकते तेव्हाही लोक श्वास रोखून तोच पट बघत असतात.

हा गज हातात घेऊन मी त्या वीस आकडी विश्वात हिंडलो. माझं मत असं झालं, की तिथं नव्या वस्तू जुन्या वस्तूंच्या शेजारी येऊन बसतात, त्यांच्याशी बोलत नाहीत. मासेमारी आली, छान आहे, गळ टाकून बसायला मला आवडतं. पण मासा पकडला नाही म्हणून माझं घर अडत नाही, जहाज अडत नाही, वस्तीतलं कुणी उपाशी राहत नाही. जनावर पाळलं तर आनंद, नाही पाळलं तर बिघडत काहीच नाही. एखाद्या ग्रहावर जीव नकोसा झाला तर यान उडवायचं, पुढचा ग्रह तयारच आहे. जिथं निघून जाणं इतकं सोपं, तिथं राहण्याला अर्थ कुठून येणार? मोठ्या परातीत कितीही पाणी ओतलं तरी ते पसरतच जातं.

मात्र एक गोष्ट नोंदवायला हवी. २०१७ आणि २०१८ च्या मोठ्या अपडेटमध्ये कंपनीनं ते मूळ सूत्रच बदललं. सूत्र बदललं म्हणजे त्यातून उगवणारे ग्रह बदलले. लोकांनी हिरव्यागार ग्रहावर घरं बांधली होती. परत आले तर कुठं तो ग्रह ओसाड, कुठं घर डोंगराच्या पोटात गाडलेलं, कुठं हवेत लोंबकळणारं. लोक मनापासून हळहळले. नातू म्हणाला, ती कंपनीची चूक होती, पुढं त्यांनी काळजी घ्यायला सुरुवात केली. चूक असेल. पण जायकवाडीत गेलेल्या गावांच्या माणसांना मी ओळखतो. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या देवळापर्यंत चालत जाणारी ती माणसं. मला त्या खेळातली हीच हकिगत सर्वांत खोल वाटली, आणि ती कुणी ठरवून घातलेली नव्हती. जे हरवू शकतं तेच आपलं असतं, हे त्या विश्वात बहुधा तेव्हा प्रथमच कुणाला जाणवलं असेल.

नातवाला हे पटलं नाही. "तुम्ही चुकीचा खेळ धरलात," म्हणाला, आणि त्यानं मला 'माइनक्राफ्ट' दाखवला. ज्यांच्या घरात शाळकरी मूल आहे त्यांना हे नाव सांगायला नको. स्वीडनच्या मार्कस पेर्सननं २००९ मध्ये लोकांपुढं आणलेला, २०११ मध्ये पूर्ण झालेला, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अडीच अब्ज डॉलरला विकत घेतलेला, आणि २०२३ पर्यंत तीस कोटींहून जास्त प्रती खपलेला खेळ. दिसायला लहान मुलांच्या ठोकळ्यांसारखा. जमीन खणायची, ठोकळे काढायचे, घर बांधायचं, रात्री भुतांपासून वाचायचं. यातही दरवर्षी भर पडते. २०२१ च्या नोव्हेंबरात तर जमिनीचा तळ चौसष्ट ठोकळे आणखी खाली नेला. म्हणजे या मंडळींनी खोली अक्षरशः वाढवली! बोअरवाल्यांचेच भाऊबंद, म्हणून मी हसलो. आणि त्या वेळी तरी माझं हसणं योग्यच होतं. खाली पोकळी वाढली, गुहा भव्य झाल्या, एवढंच.

पण २०२२ च्या जूनमध्ये त्या तळाच्या काळोखात त्यांनी एक प्राणी सोडला. त्याचं नाव वॉर्डन. तो आंधळा आहे. तुमच्या हालचालीच्या कंपनांवर आणि वासावर तो तुमचा माग काढतो, आणि त्याच्याशी मारामारी करणं शहाणपणाचं नाही. आता गंमत बघा. तोवर या खेळात चालणं म्हणजे नुसतं चालणं होतं. एका प्राण्यामुळं प्रत्येक पाऊल हा निर्णय झाला. आणि त्याहून सुंदर गोष्ट लोकरीची. मेंढीची लोकर या खेळात पहिल्यापासून होती. गादी करायला आणि घर रंगीत करायला तिचा उपयोग. तिच्यावरून चाललं की कंपन होत नाही, असं आता ठरवलं गेलं. झालं! वर ऊन्हात चरणाऱ्या मेंढीचा आणि खाली काळोखातल्या त्या आंधळ्या राक्षसाचा संबंध जोडला गेला. तळघरात उतरायचं तर आधी मेंढरं कातरायची. आमच्याकडं धनगर घोंगडीचे जितके उपयोग सांगतो — पांघरायची, अंथरायची, पावसात डोक्यावर घ्यायची, गरज पडली तर झोळी करायची — तसा लोकरीला तिथं एक नवा उपयोग मिळाला, आणि जुनी लोकर एका रात्रीत मोलाची झाली. वजिराच्या चालीच्या जातीची ही भर आहे. मी नातवाला तसं कबूल केलं. तो एवढा फुशारला की त्या रात्री त्यानं दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तेव्हा भर घालून खोली येऊ शकते. येतेच असं नाही, आणि बहुतेक वेळा येत नाही. भर घालण्यामागं धंद्याचं गणित असतं हेही विसरू नये. मोबाइलवरचे लढाईचे खेळ, म्हणजे पूर्वी पबजी, आणि ते २०२० च्या सप्टेंबरात बंद झाल्यावर २०२१ मध्ये आलेला बीजीएमआय, यांत दर थोड्या दिवसांनी नवा हंगाम येतो. त्या हंगामात नवं काय, तर बरेचदा नवे कपडे, बंदुकीला नवा रंग. ही सणाची खरेदी झाली. पुण्याच्या सुपरगेमिंगनं २०२४ च्या ऑक्टोबरात 'इंडस' हा त्याच जातीचा आपल्या मातीतला खेळ आणला, त्याचं मला कौतुक आहे. पण त्याच्यापुढंही हाच प्रश्न असणार. मराठी माणसाला हे कळायला खेळाचीही गरज नाही. 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ ते २०१३ अशी चालली, तीन हजारांवर भाग झाले. आमच्या घरात ती भक्तिभावानं पाहिली गेली. त्यातल्या कुठल्या भागानं मागच्या भागांचा अर्थ बदलला, हे विचारायची माझी घरात छाती नाही.

आणि भर काढून टाकण्याचं काय? आमच्या जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर त्यांनी वेदान्त लिहून काढला. याच दासोपंतांनी गीतेच्या सातशे श्लोकांवर सव्वा लाख ओव्यांचा ग्रंथ रचला असं सांगतात. अफाट माणूस. पण त्याच काळात गोदावरीकाठी पैठणला एकनाथ महाराजांनी उलटं काम केलं. तीनशे वर्षांत ज्ञानेश्वरीत ज्याला सुचलं त्यानं आपलं काही घुसडलं होतं. नाथांनी जुन्या पोथ्या ताडून ती भेसळ निवडून बाहेर काढली, शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यात पुन्हा कुणी भर घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. मराठीतली सर्वांत थोर 'सुधारणा' ही वजाबाकी आहे. खेळ करणाऱ्या कंपन्यांना हे धाडस सहसा होत नाही. एखादी गोष्ट काढली की ती मेहनतीनं कमावलेला कुणीतरी चिडतो. माझ्याकडं कादंबरीचं हस्तलिखित घेऊन तरुण लेखक येतात तेव्हा मी हेच बघतो. प्रकरणं घालायला सगळे तयार असतात.

आता शेतीच्या खेळाकडं येतो, कारण खरं भांडण तिथंच झालं. 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बॅरोन नावाच्या एका अमेरिकन तरुणानं एकट्यानं, चित्रं, संगीत, सगळं स्वतः करत, चारेक वर्षं खपून हा खेळ तयार केला आणि २०१६ च्या फेब्रुवारीत आणला. आजोबा वारले, नातू शहरातली नोकरी सोडून त्यांच्या पडीक शेतावर येतो, अशी सुरुवात. तिसऱ्या वर्षाच्या आरंभी आजोबांचा आत्मा येऊन हिशेब घेतो! मला हा खेळ पहिल्या मिनिटात आवडला यात नवल नाही. चार हंगाम, प्रत्येक हंगाम अठ्ठावीस दिवसांचा. हंगाम उलटला की त्या हंगामाचं पीक मरतं, म्हणून पेरताना बोटांवर दिवस मोजावे लागतात. ही खोली पहिल्या दिवसापासूनची आहे, ती कुठल्या अपडेटनं आलेली नाही. पुढं बॅरोननं भरपूर घातलं, तेही फुकट. सण, मासे, माणसांचे स्वभाव. २०२० च्या डिसेंबरात एक बेट, जिथं कोणतंही पीक बारा महिने येतं. २०२४ च्या मार्चात आणखी मोठी भर.

पण बीडच्या माणसाच्या डोळ्यांना तिथं तीन गोष्टी खुपतात. पाणी दिलं नाही तर पीक वाढायचं थांबतं, पण करपत नाही. टीव्हीवर उद्याच्या हवामानाचा अंदाज सांगतात, तो कायम खरा निघतो. आणि तुम्ही कितीही माल पेटीत टाका, भाव पडत नाही. नातवाला म्हटलं, "दहा वर्षांत या माणसानं शेकडो गोष्टी घातल्या. भाव तेवढा पडू दिला असता तर बाकी काही घालावंच लागलं नसतं."

"आजोबा, मग तो खेळ खेळेल कोण? लोक दमून घरी येतात. त्यांना तिथंही कांद्याचा भाव पडलेला बघायचाय का?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. दिवाळीनंतर इथली गावंच्या गावं ऊसतोडीला निघून जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता, पोरं सोबत नाहीतर म्हाताऱ्यांपाशी. पावसाळ्यात घेतलेला एक निर्णय आख्खा हिवाळा त्यांच्या मागं चालत येतो. ही खोली कुणी हौसेनं विकत घ्यावी असं मी कसं म्हणू? ज्याच्या वाट्याला ती फुकट आलेली आहे त्याच्या पोरानं तासभर न करपणारं शेत पिकवलं तर त्यात वावगं काय?

तरी नातू ते बोलणं विसरला नाही. या खेळात खेळाडूंना स्वतःचे बदल करून घेण्याची मुभा आहे. पुण्याला गेल्यावर पंधरा दिवसांनी त्याचा फोन. "आजोबा, पीककर्जाचा व्याजदर किती असतो?" मी सांगितलं, तीन लाखांपर्यंत सात टक्के, वेळेवर फेडलं तर त्यातली तीन टक्के सवलत. "आणि नाही फेडलं तर?" मग आमचे तीन-चार लांबलचक फोन झाले. मुदत किती, थकल्यावर काय, पुढच्या हंगामाला पुन्हा कर्ज द्यायचं की नाही. शाखेतही इतक्या जिव्हाळ्यानं मला हे कुणी विचारलं नव्हतं. त्यानं शेतावर सुरुवातीलाच एक कर्ज ठेवलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा: बाकी. बस, एवढंच. नवं पीक नाही, नवा सण नाही.

तो बदललेला खेळ मी खेळलो. नदी तीच होती. पण आधी करमणूक म्हणून टाकलेला गळ आता हप्त्यासाठी पडत होता. गावातल्या बाईच्या वाढदिवसाला भेट द्यायची, तर हात आखडत होता. आणि तरी दिली, तेव्हा ती भेट वाटली. सत्ताविसाव्या दिवशी पाऊस लागला तर मी खुर्चीत सरसावून बसलो. बॅरोननं घातलेल्या इतक्या वर्षांच्या गोष्टी, ज्या मला नुसत्या मांडून ठेवल्यासारख्या वाटत होत्या, त्या एका आकड्यामुळं एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. म्हणजे भरही वाया गेलेली नव्हती. तिला ओढून धरणारं काही नव्हतं, ते पोरानं दिलं.

मुलीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला समजवायला सांगितलं होतं." मी म्हटलं, समजावलंच आहे, कुणी कुणाला ते विचारू नकोस. फॉर्म भरायची तारीख जवळ आलीय. तिची काळजी खोटी नाही. या धंद्यात नोकऱ्या किती आणि टिकतात किती, हे हिशेबाचे प्रश्न आहेत आणि ते त्यानं स्वतः काढायचे आहेत. मी त्याला एक वही दिली आहे.

परवा त्याच्याकडून एक बातमी कळली. म्हणजे बातमी जुनीच, २०२३ च्या डिसेंबरातली. वीस आकडी ग्रह करणाऱ्या त्याच हॅलो गेम्सनं पुढचा खेळ जाहीर केला आहे, 'लाइट नो फायर'. त्यात ग्रह एकच असणार. आपल्या पृथ्वीएवढा, आणि सगळे खेळाडू त्याच एका ग्रहावर. उडून दुसरीकडं जायची सोय नाही.

"एकच का केला असेल रे?" मी विचारलं.

"माहीत नाही. पण तुम्हाला आवडेल."

"पाणी आहे का त्यावर?"

"जाहिरातीत समुद्र दिसतो," तो म्हणाला. "विहिरींचं अजून काही सांगितलेलं नाही."